ताईचा लेपा

मासळीबाजारात तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. याला कारण तिचा धाकटा भाऊ. तो लहान असताना शाळा सुटली की दप्तर पाठीवर आपटत थेट बाजारात यायचा आणि ओल्या फरशीवरून घसरत, टोपल्या ओलांडत, "ताई, ए ताई" अशा हाका मारत सगळ्या रांगा पालथ्या घालायचा. तिची जागा ठरलेली होती. डोळे बांधले असते तरी त्याला ती सापडली असती. पण हाका मारल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. ऐकून ऐकून हमालांनी ते नाव उचललं, मग गिऱ्हाइकांनी, आणि तिचं खरं नाव फक्त आईच्या तोंडात उरलं.

ताई बसायची लेप्याच्या रांगेत. लेपा म्हणजे समुद्राच्या तळाशी वाळूला चिकटून राहणारा चपटा मासा. चपलेच्या तळासारखा पातळ, वरून मातकट, खालून पांढरा, आणि दोन्ही डोळे एकाच अंगाला. पहिल्यांदा बघणारा नाक मुरडतो. पण एकदा खाल्ला की पुन्हा मागतो. मांस पांढरंशुभ्र, काटे मोजके, वास जवळपास नाहीच. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, लहान पोरांना बिनधास्त द्यावा असा. म्हणून मागणी मोठी आणि भावही चढा. भानगड असते ती कातड्याची. ते इतकं चिवट की घरी सोलायला बसलं तर अर्धा मासा कातड्याबरोबर जातो आणि वर बोट कापतं ते वेगळं. त्यामुळे गिऱ्हाईक लेपा घेतं ते सोलूनच.

ताई शेपटीपाशी सुरीची हलकी चीर द्यायची, बोटं मिठात बुडवायची म्हणजे पकड सुटत नाही, आणि कातड्याचं टोक धरून डोक्याकडे एकच ओढ. सर्रकन आवाज यायचा, जुनं कापड फाडल्यासारखा. लोक बघत उभे राहायचे. तिच्या शेजारी बसणारी म्हातारी, जिला तिच्या आवाजामुळे सगळे भोंगामावशी म्हणत, ती आपल्या गिऱ्हाइकांचे मासेसुद्धा ताईकडेच सरकवायची. "माझ्या हातात आता जोर फक्त शिव्या देण्यापुरता उरलाय," असं ती म्हणायची, आणि ते शब्द बर्फाच्या गाडीपर्यंत ऐकू जायचे.

हे काम ताईला बापाने शिकवलं होतं, पण हौस म्हणून. पोरगी इथे बसावी असं काही त्याच्या मनात नव्हतं. त्याने खोकला अंगावर काढला, काढला, आणि एका थंडीत तो उठलाच नाही. ताई तेव्हा शाळेत होती. धाकटा जेमतेम चालायला लागला होता. आई कधी बाजारात आली नव्हती, मासळीचा वास तिला सहन व्हायचा नाही. "आता जागा विकून टाकावी लागणार," असं म्हणत आई पदर डोळ्याला लावून बसली, तेव्हा ताई उठली, बापाची सुरी फडक्यात गुंडाळली आणि निघाली. तिला कुणी जा म्हटलं नाही, पण थांब असंही म्हटलं नाही.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती सगळी सारखीच होती. पहाटे धक्क्यावर जाऊन माल उचलायचा, दुपारपर्यंत विकायचा, लिंबाने हात घासून घरी जायचं. धाकट्याला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्याला खाण्याचं वेड होतं, रांधण्याचंही, म्हणून त्याला हॉटेलाचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात घातलं. मधल्या काळात बर्फाच्या गाडीचा ड्रायव्हर तिच्या रांगेत गरजेपेक्षा जास्त बर्फ टाकायला लागला होता. भोंगामावशी ओरडायची, "अरे, मासे गोठवतोयस की मन वितळवतोयस?" माणूस चांगला होता. त्याने सरळ विचारलं. ताई म्हणाली, "धाकटा पायावर उभा राहू दे." तो तीन वर्षं थांबला. मग त्याच्या आईचा धीर सुटला. त्याच्या लग्नाला ताई गेली, जेवली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला धक्क्यावर हजर झाली.

धाकटा पायावर उभा राहिला, आणि चांगलाच उभा राहिला. बाजारापासून दोन चौक सोडून त्याने छोटं हॉटेल काढलं. दहाच टेबलं, पण नीटनेटकी. खासियत एकच: लोण्यात परतलेला अख्खा लेपा, वर लिंबू आणि मिरी. भिंतीवर ताईचा मोठा फोटो. रबरी एप्रन घातलेली, हातात सुरी, हसणारी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: "ताईचा लेपा. आज पहाटे माझ्या बहिणीने निवडलेला." फोटो बघून ताई लाजली आणि घरी आल्यावर तिने आईला चार वेळा सांगितलं. आई म्हणाली, "बघ, किती जीव आहे त्याचा तुझ्यावर." रोज सकाळी ताई टोपलीतले सगळ्यात जाड, ताठ, डोळे चमकणारे लेपे बाजूला काढायची. ते धाकट्याचे. गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी त्यांना हात लावू द्यायची नाही.

हॉटेल चालायला लागलं, तसं धाकट्याचं बाजारात येणं कमी झालं. आधी तो स्वतः यायचा, मग नोकराला पाठवायला लागला. पुढे नोकर यायचा तोही एक दिवसाआड. ताईने विचारलं तर म्हणायचा, "मंदी आहे गं." ताईने मान डोलावली. भाऊ म्हणतोय म्हणजे असेल.

मग एका आठवड्यात समुद्र खवळला. चार दिवस एक होडी बाहेर पडली नाही. बाजारात लेपा सोडाच, त्याचं शेपूटही दिसेना. रांगेतल्या बायका पाट उलटे घालून गप्पा मारत बसल्या होत्या. पाचव्या दिवशी ताईचे एक जुने गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, पिशवी हलवत आले.

"ताई, काल तुमच्या भावाकडे जेवलो. काय तो लेपा! म्हटलं बहिणीला सांगून यावं."

"काल?" ताईने विचारलं.

"काल संध्याकाळी. गर्दी इतकी की अर्धा तास उभं राहावं लागलं."

भोंगामावशीने तोंड उघडलं, ताईकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. तिने तोंड मिटण्याची वेळ क्वचितच यायची.

ताई त्याच दुपारी हॉटेलच्या मागच्या दाराने आत गेली. पुढच्या दाराने ती कधीच जायची नाही. अंगाला वास येतो, गिऱ्हाइकांना बरं वाटत नाही, असं भावजयीने एकदा हसत हसत सांगितलं होतं. स्वयंपाकघरात फरशीवर खोक्यांची चळत होती. वरच्या खोक्यातले तुकडे बर्फातून सुटून पाणी सोडत होते. पांढरे, चौकोनी, सगळे एका मापाचे. तळ्यात पाळलेला स्वस्त मासा होता तो, कातडं काढून, साचा दिल्यासारखा कापलेला. ताईने एक तुकडा दाबला. बोट आत गेलं आणि खड्डा तसाच राहिला.

"अरे, हे काय आहे?"

धाकटा हात पुसत आला. चेहऱ्यावर चोरी नव्हती, नुसता कंटाळा होता. "ताई, लेपा आता हाताला लागत नाही. लागला तरी भाव बघितलास? आणि गिऱ्हाईक अख्खा मासा खायला कंटाळतं, त्याला काटा नको असतो. वर लोणी, लिंबू, मिरी. खाली काय आहे ते कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तू थोडीच पैसे देऊन खातेस!" तो हसला. "हे बघ, लोक मासा खायला येत नाहीत. गोष्ट खायला येतात. आणि ती गोष्ट तूच आहेस. तू आहेस ना खरी? मग झालं."

"मग माझा फोटो काढ."

"काढतो."

त्याने काढला नाही. ताईने आईला सांगितलं, तर आईने हातातली वाटी ठेवली आणि म्हणाली, "भावाचं बरं चाललंय ते बघवत नाही का तुला? धंद्यात सगळे थोडंफार करतात. तू काय मोठी हरिश्चंद्राची मुलगी लागून गेलीस?" ताई गप्प बसली. पुढेही बसली. हॉटेलवरून जाणारा रस्ता तिने सोडला आणि लांबच्या गल्लीतून घरी जायला लागली. आपण बघितलं नाही की ते नाहीच, असं तिने स्वतःला समजावलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे दूध दुसराच पीत होता आणि डोळे ताईने मिटले होते.

उन्हाळ्यात एका कुटुंबाने आजीच्या वाढदिवसाला सगळं हॉटेल घेतलं. पंचवीस-तीस माणसं. दुसऱ्या दिवशी त्यातली निम्मी आजारी पडली. उलट्या, जुलाब, ताप. जिचा वाढदिवस होता ती आजी दवाखान्यात मरणाच्या दारात जाऊन परत आली. खोकी आदल्या दिवशी वीज गेल्यावर वितळली होती, ती तशीच पुन्हा गोठवली होती. पण हे नंतर कळलं. तेव्हा अन्न खात्याचे तपासणीवाले हॉटेलात शिरले, आणि मासा कुठून आणला या प्रश्नाला धाकट्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

"माझ्या सख्ख्या बहिणीकडून. पहिल्यापासून तिच्याकडूनच घेतो."

स्वयंपाकघर त्याने आधीच धुऊन घेतलं होतं.

तपासणीवाले बाजारात आले तेव्हा ताई कुणाचा तरी मासा सोलत होती. त्यांनी तिची टोपली नेली, मग शेजारच्या टोपल्या नेल्या, आणि निकाल येईपर्यंत लेप्याची सगळी रांग बंद ठेवायला सांगितली. शहरात बातमी पसरली. नाव हॉटेलाचं कमी आणि ताईचंच जास्त घेतलं गेलं. लोकांना फोटोतला चेहरा पाठ होता ना. एक बाई मुलाचा हात धरून बाजारातून चालली होती. ताईकडे बघून ती मुलाला म्हणाली, "तीच ती," आणि त्याला पलीकडच्या बाजूला ओढून घेतलं.

घरी आल्यावर धाकटा बसलेला होता. डोळे लाल. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"तू फक्त हो म्हण," आई म्हणाली. "म्हण, एखादा मासा खराब निघाला असेल. तुझी जागा काही दिवस बंद राहील, मग उघडेल. त्याचं हॉटेल गेलं तर गेलंच. त्याला बायको आहे, दोन लेकरं आहेत. तुझ्यामागे कोण आहे?"

 हे वाक्य आईने रागात म्हटलं असतं तर ताईने ते गिळलं असतं. पण आई अगदी समजुतीच्या आवाजात बोलत होती, भाजी कुठली आणायची ते ठरवल्यासारखी.

"ताई, मी तुला नंतर सगळं भरून देईन," धाकटा म्हणाला.

"काय भरून देणार तू?" ताईने विचारलं. प्रश्न कशाबद्दल आहे तेच त्याला कळलं नाही.

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दोन आठवडे ती घरात बसून राहिली. मग एक दिवस पाय आपोआप बाजाराकडे वळले. रांग अजून उघडली नव्हती. भोंगामावशी मात्र आपल्या रिकाम्या पाटामागे बसून होती. घरी बसून करणार काय, जाग आली की इथे यायचं हीच सवय. रांगेतल्या बाकीच्या बायकांचीही घरं या धंद्यावरच चालत होती. एक धुणीभांडी शोधत होती, एकीने मुलीला कॉलेजातून काढलं होतं. हे ताईला मावशीने सांगितलं नाही, पलीकडच्या खेकडेवाल्याने सांगितलं.  मावशी नुसती सरकून बसली आणि शेजारी जागा करून दिली.

"मावशी, तुला माहितेय ना खरं काय ते?" ताईने विचारलं.

"सगळ्या रांगेला माहितेय. समुद्र बंद होता त्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"तुझा भाऊ, तुझं घर. आम्ही कोण सांगणार?" मावशीचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा लहान झाला होता. "आणि तुझ्या आईचं म्हणशील तर तिचेही लेप्यासारखे दोन्ही डोळे एकाच बाजूला. तुझ्या बाजूला नाहीत एवढंच. तू ठरव."

ताई तिथूनच तपासणीच्या कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी तिला खुर्ची दिली. ताई बसली नाही, एप्रन ओला आहे म्हणाली. मग लक्षात आलं की आज एप्रन घातलेलाच नाही. उभ्यानेच तिने सांगितलं: खोकी कधी पाहिली, कुठे पाहिली, कुठल्या माशाची होती, माल पोचवणारी गाडी कुठल्या वाराला येते.

"हे आधी का सांगितलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"भाऊ आहे माझा."

"आणि आज?"

"आजही आहे," ताई म्हणाली.

पुढचं भराभर झालं. माल पोचवणारा सापडला, त्याने आपली कातडी वाचवायला सगळं ओकून टाकलं. लेप्याच्या टोपल्यांत काही दोष निघाला नव्हता. रांग उघडली. हॉटेलला कुलूप लागलं. खटला झाला, दंड झाला, आणि दंड भरण्यात धाकट्याचं राहतं घर गेलं. बायको-मुलांसह तो आईकडे राहायला आला. घर दोन खोल्यांचं. ताईची खोली त्याला द्यायची की नाही हे कुणी तिला विचारलं नाही. ती संध्याकाळी परतली तेव्हा तिचे कपडे एका पिशवीत भरून दाराशी ठेवलेले होते. नीट घड्या घालून, कारण आईला गबाळेपणा आवडायचा नाही.

धाकटा दारात आला. तिला वाटलं, शिव्या देईल. त्या खायची तयारी करूनच ती आली होती. तो म्हणाला, "बाई, तुमचं काम झालं ना? मग जा आता." तुमचं. लोक परक्या बाईशी बोलतात तसं.

आतून आईचा आवाज आला, "दार लावून घे रे, डास येतात."

ताईने बाजाराच्या मागे, बर्फाच्या कारखान्याजवळ एक खोली घेतली. भिंती बारा महिने गार असायच्या. रांगेतल्या बायकांनी तिला भांडी दिली, अंथरूण दिलं. उपकार त्या विसरल्या नव्हत्या. पण ताई आली की गप्पा थोड्या थांबायच्या. एकदा तिने पाठमोरी असताना ऐकलं, "आपलं भलं केलं हे खरं. पण मी असते ना, माझ्याने सख्ख्या भावाला... नाही बाई." म्हणणारी तीच होती जिची मुलगी पुन्हा कॉलेजात जायला लागली होती. ताईला राग आला, पण तो काढायचा कुणावर? स्वतः तिलाही रात्रंदिवस तेच वाटत होतं. आपण खरं बोललो याचा आनंद कधीतरी होईल म्हणून तिने वाट पाहिली. झाला नाही. गिऱ्हाइकंही सगळी परतली नाहीत. फोटोतला चेहरा लोकांना आठवत होता, निकाल कुणी लक्षात ठेवला नव्हता. मास्तर यायचे, पण पलीकडच्या पाटावर. ताईचा मासा चांगला आहे हे त्यांना माहीत होतं, तरी सुनेला घरी सांगता येत नाही, असं त्यांनी मान खाली घालून सांगितलं. विकण्यापेक्षा आता ताई सोलायचंच काम जास्त करायला लागली. रांगेतल्या सगळ्यांचे मासे तिच्याकडे येत. गिऱ्हाइकाला हात दिसायचे, चेहरा ती खालीच ठेवायची.

त्यानंतरच्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, एका सकाळी आई बाजारात आली. नवरा इथे बसत होता तेव्हा आली नाही, मुलगी बसली तेव्हा आली नाही. आता नाकाला पदर लावून, ओल्या फरशीवर पाय जपून टाकत आली. खूप वाळली होती. ताईने सुरी खाली ठेवली आणि उठून उभी राहिली.

आई भोंगामावशीच्या पाटासमोर थांबली.

"एक लेपा द्या. मोठा नको. नातवाला बरं नाही, डॉक्टर म्हणाले हलकं काहीतरी द्या."

मावशीचे हात थांबले. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग एक लेपा निवडला आणि ताईच्या पाटावर ठेवला. रांगेतल्या सगळ्या बायका आपापल्या टोपल्यांत काहीतरी शोधायला लागल्या.

ताई खाली बसली. तिने शेपटीपाशी चीर दिली, बोटं मिठात बुडवली, ओढ घेतली. कातडं मध्येच तुटलं. असं तिच्याकडून कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. तिने पुन्हा टोक पकडलं, हळूहळू सोलून काढलं, काटा अलगद उचलला आणि मांसावरून दोनदा बोट फिरवून एखादं कुसळ राहिलं नाही ना ते बघितलं. मासा कागदात गुंडाळून तिने हात पुढे केला.

"आई," ती म्हणाली.

आईने पुडी घेतली ती मावशीच्या हातातून. म्हणजे मावशीला मध्ये हात घालून ती ताईकडून घ्यावी लागली आणि पुढे द्यावी लागली.

"काटा नीट काढलाय ना?" आईने मावशीला विचारलं. "पोराच्या घशात जाईल."

"काढलाय," मावशी म्हणाली. भोंगामावशीचा आवाज शेजारच्या पाटापर्यंतही गेला नसेल.

आई निघून गेली. नातू बरा झाला असावा, कारण पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्याही. पोराला लेपा आवडला होता. दर वेळी ती मावशीच्या पाटासमोर उभी राहायची, मावशीशी बोलायची, मावशीला पैसे द्यायची. मासा सोलायची ताई. तिने पुन्हा कधी आई म्हणून हाक मारली नाही, आणि कातडंही पुन्हा कधी तुटू दिलं नाही. मावशीने एकदा चिडून विचारलं, "किती दिवस हे करणार आहेस? सांग ना तिला तोंडावर, तुझ्या हाताचं खातेय म्हणून."

"सांगितलं तर यायची बंद होईल," ताई म्हणाली, आणि पुढचा मासा ओढून घेतला.